अडतीस फोनांची पिशवी

उंबरमाचीचा आकडा पडद्यावर आला तेव्हा मी डबा खात होते. शून्य पूर्णांक सात. पोळीचा तुकडा हातात तसाच राहिला.

माझं नाव वैजयंता घाडगे. घाटमाथा परिवहन प्राधिकरणाच्या साताऱ्याच्या कार्यालयात मी मार्ग-नियोजन विभागात बसते. नोकरीला लागले तेव्हा आम्ही गाड्यांची वेळापत्रकं कागदावर पट्टीनं रेघा ओढून करायचो. आता ते काम 'चाहूल' करते आणि आम्ही तिनं केलेलं वाचतो. दर पंधरवड्याला ती प्रत्येक गावाचा गरज-अंक काढते. अंक एकाच्या वर असेल तर गाडी, खाली असेल तर नाही. उंबरमाचीची गाडी आजवर जुन्या वेळापत्रकावर टिकून होती; आता तीही अंकावर आली आणि सोळा तारखेपासून बंद होणार होती.

उंबरमाचीत माझी थोरली बहीण राहते, शालनआक्का. तिचे यजमान हणमंत शेलार, म्हणजे माझे दाजी. दाजींच्या दोन्ही किडन्या दीड वर्षापूर्वी निकामी झाल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात-दहाच्या गाडीनं दोघं चौतीस किलोमीटरवरच्या निगडोलीच्या सरकारी दवाखान्यात जायचे. चार तास डायलिसिस, मग दुपारच्या गाडीनं घरी. साताऱ्यातल्या दवाखान्यात प्रतीक्षायादी सहा महिन्यांची होती, म्हणून माझ्या घरी आणून ठेवायचीही सोय नव्हती. ती गाडी गेली की दाजी जाणार, हे सांगायला कुठलं यंत्र लागत नव्हतं.

चाहूल काय आहे ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आणि माझ्यामुळे.

खिशातला मोबाईल आपण वापरत नसलो तरी गप्प बसत नाही. दर काही मिनिटांनी तो टॉवरला 'मी इथे आहे' म्हणून हाक देत असतो. ती हाक वेगवेगळ्या टॉवरना किती वेळात पोचली, यावरून फोन कुठे आहे हे काढता येतं. नवे टॉवर बसल्यापासून तर अगदी वितीच्या अंतरापर्यंत. चाहूल या हाका गोळा करते. नाव आणि नंबर पुसलेले असतात, उरतो नुसता ठिपका. लाखो ठिपके कुठून निघतात, कुठे थांबतात, कुठे वाट बघून कंटाळून माघारी फिरतात, हे पाहून पाहून ती शिकली. मग तिला कळायला लागलं की अमुक वाडीतल्या आठ जणांना बुधवारी बाजाराला जायचंय, ते घराबाहेर पडायच्या आधीच.

खोटं कशाला बोलू, पहिली दोन वर्षं मला तिचा अभिमान वाटायचा. रिकाम्या धावणाऱ्या गाड्या बंद झाल्या. कधी गाडी न पाहिलेल्या वस्त्यांना गाड्या मिळाल्या. तिकीट गेलं, कंडक्टर गेला, प्रवास फुकट झाला, आणि जितका अंक तितका निधी शासन देऊ लागलं. गाड्यांच्या दारात माणसं मोजणारं यंत्र होतं, पण ते शेळ्याही माणसांत धरायचं, म्हणून काढून टाकलं. फुकट गाडीपुढे वडापच्या जीपचा काय टिकाव लागणार? दोन वर्षांत आमच्या भागातली सगळी वडापं भंगारात गेली. कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही.

फक्त एक गोष्ट चाहूलला कधी दिसत नाही. न झालेला प्रवास.

आणि उंबरमाची तिला का दिसली नाही, हे मला पोळीचा तो तुकडा खाली ठेवायच्या आत कळलं होतं. गाव डोंगराच्या पोटात, खोलगटात आहे. तिथं रेंज नाही. रेंज आहे ती एक किलोमीटर वर, खिंडीत. म्हणून गावानं फार पूर्वीपासून राखण बांधून घेतलीय. रोज एका घराची पाळी. पाळीवाला सकाळी घरोघर जाऊन सगळ्यांचे फोन कापडी पिशवीत गोळा करतो, गुरं घेऊन खिंडीत जातो आणि पिशवी हिरड्याच्या फांदीला टांगतो. पुण्याहून कुणाच्या लेकाचा फोन आला की तोच उचलतो, निरोप ऐकून ठेवतो आणि संध्याकाळी पिशवीबरोबर घरोघर पोचवतो. कुणाची सून रुसलीय, कुणाच्या नातवाला नोकरी लागलीय, हे पाळीवाल्याला घरच्यांच्या आधी कळतं. त्यामुळे गावातलं कुणीही गाडीत बसताना फोन घेऊन जात नाही. फोन खिशात घेऊन गेलं तर लेकाचा फोन कोण घेणार, असा त्यांचा सरळ विचार.

म्हणजे तीन वर्षं चाहूलला काय दिसलं? पाहुण्यांचे चार-दोन ठिपके सोडले तर अडतीस फोन, एका झाडाला लटकलेले. जागचे न हलणारे.

यंत्र बसवायच्या आधी प्रत्येक गावाची पाहणी करायला माणसं पाठवली होती. उंबरमाचीला मी गेले होते. बहिणीचं गाव, म्हणून मुद्दाम मागून घेतलं होतं. आक्कानं केलेल्या पुरणपोळ्या खाल्ल्या आणि तक्त्यात लिहिलं, 'लोकसंख्या एकशेबारा, फोन अडतीस, प्रमाण समाधानकारक.' खाली सही केली. फोन मोजले. ते राहतात कुठे, हे लिहायचं मला सुचलंच नाही. हिरड्याखालून दोनदा गेले होते मी, पिशवी डोक्यावर लोंबत होती.

सोळा तारखेनंतरच्या दोन खेपा मी भाड्याच्या टॅक्सीनं केल्या. साताऱ्याहून पहाटे निघायचं, घाट चढायचा, दाजींना घेऊन निगडोलीला न्यायचं. दुसऱ्या खेपेनंतर रजा संपली आणि मी निरगुडकरांच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

डॉ. निरगुडकर म्हणजे चाहूल बनवणारा माणूस. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांना वाईट म्हणायची माझी तेव्हाही इच्छा नव्हती, आजही नाही.

"सर, उंबरमाचीत एकशेबारा माणसं आहेत."

"चाहूलला दिसत नाहीत."

"मला दिसतात ना!" माझा आवाज चढला. मी त्यांना राखणीचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदा हसलेसुद्धा.

"माझा विश्वास बसतो," ते म्हणाले. "पण वैजयंताबाई, तुम्हाला दिसतात म्हणून मी गाडी सोडली, तर उद्या आमदारांना दिसतील, परवा मंत्र्यांना. पूर्वी एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याच्या ढाब्यापुढे दिवसाला अकरा गाड्या थांबायच्या, आठवतंय? हातानं अंक बदलायची सोय मी ठेवलेलीच नाही. मुद्दाम ठेवली नाही."

"मग माझ्या दाजींनी काय करायचं?"

त्यांनी पडद्यावर नियम काढून दाखवला. गावाला फेरमोजणी मागता येत होती. चौदा दिवसांची. त्या चौदा दिवसांत दर मंगळवारी आणि शुक्रवारी आठ-दहा ठिपके खिंडीतून निघून जांभूळफाट्यापर्यंत गेले पाहिजेत, जिथून निगडोलीची गाडी अजून चालू होती. तेवढं झालं की अंक एकाच्या वर जाणार आणि गाडी आपोआप सुरू होणार.

"आणि तुमची टॅक्सी बंद करा," ते म्हणाले. "तिचा ठिपका गाडीच्या वेगानं घाटात जाताना दिसतोय. खासगी गाडी आली म्हणजे गरज भागली, असं चाहूल धरते. तेवढा अंक वजा होतो."

"म्हणजे चौदा दिवस मी त्यांना न्यायचं नाही?"

"गाडी कायमची हवी असेल तर, नाही."

खिंडीपासून जांभूळफाटा सहा किलोमीटर. सगळा घाट. दाजींना घरातून अंगणात यायचं तरी दोनदा बसावं लागत होतं.

रविवारी मी उंबरमाचीला गेले. दाजी ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. पाय सुजून टम्म झालेले, चेहरा पिवळट. मला बघून हसले.

"या मेव्हणीबाई. गाडी बंद पाडून आता तोंड दाखवायला आलात व्हय?"

"दाजी, चेष्टा पुरे."

"चेष्टा कुठली? समद्या तालुक्याला सांगत फिरत हुतो, माझी मेव्हणी गाड्या सोडती म्हणून. आता काय सांगू?"

मला रडू आलं ते मी आवरलं नाही. आक्का चहा घेऊन आली तेव्हा दोघांनाही सगळं समजावून सांगितलं. टॅक्सी चालू ठेवली तर मला किती महिने झेपेल ते मला माहीत नव्हतं. निगडोलीत खोली बघितली होती, पण दाजी म्हशी सोडून जायला तयार नव्हते आणि आक्का दाजींना सोडून. गाडी परत मिळवायची असेल तर चौदा दिवस, चार खेपा.

"चार खेपा," दाजी म्हणाले. "डोलीत बसून जातो की. लग्नात घोडा न्हवता मिळाला, आता चार गडी मिळत्यात. वरात म्हणायची."

"गडी कुठलं?" आक्का चिडून म्हणाली. "समदी म्हातारी. म्हादू साठीचा हाय, त्योच लहान."

"उचलतील. माझं वजन तरी कुठं ऱ्हायलंय?"

त्यांच्या अंगात तेव्हा पाच-सहा किलो नुसतं पाणी होतं. ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं. मी तिथं बसून मनातल्या मनात चार खेपा मोजत होते. मी नाही म्हणायला हवं होतं. गाडी गेली खड्ड्यात, मी पगार घालवेन, दागिने मोडेन, पण टॅक्सी चालू ठेवेन, असं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी आक्काला म्हटलं, "प्रत्येक खेपेला डोलीबरोबर दहा माणसं तरी चालली पाहिजेत. आपापला फोन घेऊन. यंत्र फोन मोजतं, माणसं नाही."

"दहाच कशाला?" आक्का म्हणाली. "समद्यांचं फोन जातील. अडतीसच्या अडतीस. तू काळजी करू नगंस."

मी निर्धास्त झाले. नियोजन अधिकारी ना मी! काम सोपवलं की झालं, असं वाटायची सवय लागलीय.

पहिल्या मंगळवारी संध्याकाळी आक्काचा फोन आला, खिंडीतून. डोली पावणेसहाला निघाली आणि सव्वानऊला फाट्यावर पोचली होती. घाटात सात वेळा खांदे बदलले. दाजींना दवाखान्यात पोचायला उशीर झाला, तरी चार तास मिळाले.

"आणि फोन?" मी विचारलं.

"समदं गेलं खाली. म्हादूनं मोजून घेतलं हुतं."

शुक्रवारी निघायला वेळ लागला. डोलीचा दांडा धरणाऱ्यांतल्या एकाची पाठ धरली होती, दुसरा माणूस मिळेपर्यंत साडेसात झाले. फाट्यावरची गाडी चुकली, पुढची दीड तासानं. दवाखान्यात यंत्रावर पुढच्या पेशंटची वेळ लागली होती. दाजींना चारऐवजी पावणेदोन तास मिळाले. परत येताना रस्ता चढाचा, सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला.

"धाप लागतीया त्यास्नी," आक्का म्हणाली. "झोपता येत न्हाई. बसून ऱ्हात्यात." मग म्हणाली, "पर फोन गेलं बरं का समदं."

"आक्का, मी टॅक्सी घेऊन येते उद्या."

मागून दाजींचा आवाज आला. दम लागत होता, एकेक शब्द सुटा येत होता. "यायचं न्हाई. दोन खेपा झाल्या. दोनच ऱ्हायल्या. आता वाया घालवू नगा."

मी गेले नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही, सोमवारी नाही. शुक्रवार ते मंगळवार हे डायलिसिसवाल्यांसाठी आठवड्यातलं सगळ्यांत मोठं अंतर असतं. त्या दिवसांत अंगात पाणी साठतं आणि क्षार वाढून हृदयावर ताण येतो. डॉक्टरांनी हे मला दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं. मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

दुसऱ्या मंगळवारी सकाळी पावणेनऊला निरगुडकरांनी मला खोलीत बोलावलं. ठिपक्यांचा चालू नकाशा फक्त त्यांच्याच खोलीत दिसतो. फेरमोजणीच्या काळात आम्हाला तो बघायची मनाई असते. भिंतभर पडद्यावर आमचा घाट होता आणि घाटात एकच ठिपका, फाट्याच्या दिशेनं सरकत होता.

"हे तुमच्या बहिणीचं गाव," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. शेजारी अक्षरं उमटली. यंत्रं अडतीस. आपसातलं अंतर, वितीच्या आत.

"गेल्या मंगळवारी हेच. शुक्रवारी हेच. इतके फोन इतके जवळ असले की चाहूल त्याला गठ्ठा म्हणते आणि शून्य धरते. दोन खेपांचा अंक शून्य आहे, वैजयंताबाई. कुणीतरी फोन पिशवीत भरून यंत्राला फसवतंय. हे त्यांना शिकवलं कुणी?"

मी पडद्याजवळ गेले.

"फसवत नाहीत, सर," मी म्हटलं. "ती राखणीची पिशवी आहे."

मला सगळं लख्ख दिसत होतं. मी सांगितलं होतं, आपापला फोन घेऊन चाला. पण उंबरमाचीत फोन कुणी खिशात ठेवतच नाही. फोन पिशवीत जातात आणि पिशवी पाळीवाला नेतो. फोन खाली जायला पाहिजेत म्हटल्यावर पाळीवाल्यानं पिशवी हिरड्याला टांगण्याऐवजी खाली नेली. दहा मागितले, त्यांनी अडतीस दिले. कुणाचाही मागे राहू नये म्हणून मोजून घेतले. गावानं माझं काम माझ्यापेक्षा चोख केलं होतं.

निरगुडकरांनी ठिपक्याचा वेग बघितला. "तासाला पावणेदोन किलोमीटर. इतकं हळू कुणी चालतं?"

"डोली आहे ती. तीत माझे दाजी आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोघंही आम्ही पडद्याकडे बघत राहिलो.

ठिपका तिसऱ्या वळणावर आला आणि थांबला.

"खांदा बदलत असतील," मी म्हटलं.

पाच मिनिटं झाली. निरगुडकरांनी शिपायाला हातानंच बाहेर जायची खूण केली. दहा मिनिटं झाली. मी माझा फोन काढला आणि पुन्हा ठेवला. डोली उचलतानाच आपला फोन वाजायला नको, असं मनात आलं. काय वेड्यासारखं वाटतं अशा वेळी! वीस मिनिटं झाली. ठिपका तिथंच होता.

मग तो हलला. मी श्वास सोडला आणि तेवढ्यात मला दिसलं की तो वर चाललाय.

फाटा खाली होता, दवाखाना खाली होता आणि ठिपका खिंडीकडे माघारी चालला होता. येताना होता त्याहून थोडा जलद.

"सर, हे उलटं का..." मी म्हणाले. निरगुडकर उठून उभे राहिले होते.

मी आक्काला फोन लावला. वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला. कितीतरी वेळानं उचलला.

"सापडंना बघ लवकर," आक्का म्हणाली. अगदी साधा आवाज. "पिशवी त्यांच्या उशाला हाय. कुनाचा कुठला कळंना. वैजू, आम्ही माघारी निघालो गं."

"आक्का..."

"वळनावर म्हनलं, जरा टेकवा. टेकवलं. मला म्हनलं, फाटा किती ऱ्हायला? मी म्हनलं, मैलभर. तर म्हनलं, बास की मग." तिनं श्वास घेतला. मागं पायांचे आणि दांड्याच्या करकरण्याचे आवाज येत होते. "समद्यांचं फोन आणलं हुतं, वैजू. एक बी मागं ऱ्हायला न्हाई. मोजलं का गं त्यांनी?"

पडद्यावर ठिपक्याशेजारी अक्षरं उभी होती. गठ्ठा. शून्य.

"मोजलं, आक्का," मी म्हटलं.

त्या दिवसानंतर पंधरा दिवस मी कार्यालयात गेले नाही. दहाव्याला पुण्याहून, मुंबईहून, निगडोलीहून माणसं आली. दाजी चेष्टेखोर, गोतावळा मोठा. बहुतेक जण जांभूळफाट्यापर्यंत गाडीनं आले आणि पुढचा घाट चालत चढले. प्रत्येकाच्या खिशात आपला आपला फोन. तेराव्याला तेच. एकशेचाळीस ठिपके, सुटे सुटे, वाट बघत, थांबत, चालत. चाहूलला असाच प्रवास समजतो. मंगळवारी सकाळी उंबरमाचीचा अंक चार पूर्णांक दोन झाला आणि सात-दहाला गाडी गावात येऊन उभी राहिली.

कुणी सोडायला सांगितली नव्हती. ती आपोआप आली.

मी ओट्यावर बसले होते. गाडीचं दार उघडलं, चालकानं हॉर्न दिला. कुणी गेलं नाही. मला त्या गाडीला दगड मारावासा वाटला. तीन आठवडे, फक्त तीन आठवडे आधी आली असती तर!

आक्का घरातून बाहेर आली. पायांत चपला होत्या, हातात दोन फोन होते. तिचा आणि दाजींचा.

"कुठं चाललीस?"

"निगडोलीला. मंगळवार हाय न्हवं?"

"आक्का, आता तिथं कशाला?"

"गाडी रिकामी गेली तर पुन्यांदा काढतील की," ती म्हणाली. "म्हादूच्या सुनंला सातवा लागलाय. तिला काय डोलीतनं न्यायचं?" मग दाजींचा फोन माझ्यापुढे धरून तिनं विचारलं, "यंत्राला दोन मानसं दिसायची तर फोन किती लांब पायजेत?"

मी सांगितलं. माझं कामच ते आहे, असली फसवाफसवी ओळखून कळवायचं. मी माझ्या तोंडानं तिला सांगितलं, तीन बाकं तरी मधे ठेव.

त्याला आता पाच महिने झाले. म्हादूच्या सुनेला गाडीनंच दवाखान्यात नेलं, मुलगी झाली. राखण अजून चालू आहे, कारण रेंज अजून नाही, आणि चार-पाच जण सोडले तर फोन घेऊन गाडीत बसायची सवय गावाला लागलेली नाही. आक्का मात्र एक खेप चुकवत नाही. दाजींचा फोन पुढच्या बाकावर खिडकीशी ठेवते, जिथं ते बसायचे, आणि स्वतः मागं जाऊन बसते. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर चार तास काढते. दुपारच्या गाडीनं परत येते.

उंबरमाचीचा अंक एक पूर्णांक एक आहे. दाजींना वगळलं तर शून्य पूर्णांक नऊ होतो.

गेल्या शुक्रवारी निरगुडकरांनी मला बोलावलं. पडद्यावर घाट होता. दोन ठिपके गाडीच्या वेगानं उतरत होते, मधे तीन बाकांचं अंतर. ते बराच वेळ पुढच्या ठिपक्याकडे बघत होते. तो फोन कधीपासून कुणाला लावलेला नाही आणि कुणाचा आलेलाही नाही, हे त्यांना एका बोटानं कळलं असतं. त्यांनी बोट लावलं नाही.

"हा पुढचा कोण?" त्यांनी विचारलं.

"डायलिसिसचा पेशंट आहे, सर."

ठिपका तिसऱ्या वळणावर आला आणि न थांबता पुढे गेला.

"वेळेवर पोचेल ना?" निरगुडकर म्हणाले.

"पोचतील," मी म्हटलं. "गाडी वेळेवर आहे."